गळाच्या वहीतले दोन रकाने

नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्यांचा हिशेब मोठा सोयीचा असतो. मासा लागला की ‘हात बसला आता’, आणि नाही लागला की ‘आज नशीबच नव्हतं’. जमा स्वतःच्या नावावर, खर्च नशिबाच्या. मीही त्यांच्यातलाच. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून माझी सारी नोकरी भीमा आणि नीरेच्या खोऱ्यात झाली. कामाचा दिवस पाण्यावर जायचा आणि सुट्टीचाही. निवृत्त झाल्यावर गळाच्या मासेमारीचा इतिहास वाचायला घेतला, तो एवढ्यासाठी की या नशिबाचा काही माग लागतो का पाहावं.

माग लागला. या छंदाबद्दल आठ-नऊ शतकांत जे लिहिलं गेलं आहे, त्यात मासे आहेत, त्यांची वजनं आहेत, आमिषं आहेत, धरणाऱ्यांची नावं आहेत. दोन रकाने मात्र जवळजवळ सगळीकडे गहाळ आहेत. एक, रिकाम्या हातांनी गेलेल्या तासांचा. दुसरा, तो मासा ज्यांनी त्या पाण्यात आणला, राखला किंवा दाखवला त्यांचा. हे दोन रकाने भरायला घेतले की नशीब नावाची बाब बरीच आक्रसते. पार नाहीशी होत नाही. पण उरते ती भलत्याच जागी उरते.

सुरुवात राजापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या हद्दीला लागूनच. महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख या ग्रंथात आहे, म्हणून मराठी साहित्याच्या अभ्यासकांना त्याचं नाव परिचयाचं असतं. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. राज्य कसं चालवावं इथपासून जेवणात काय असावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. चौथी विंशती राजाच्या करमणुकीची. हत्ती, मल्ल, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार यांच्या जोडीला तिथे ‘मत्स्यविनोद’ येतो, म्हणजे गळाने मासे धरणं. पोटासाठी नव्हे, मौजेसाठी. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये जी. के. श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला; पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदावर स्वतंत्र लेख लिहिला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील लेखन १४९६ सालचं, आणि आयझॅक वॉल्टनचं जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचं. सोमेश्वर या दोघांच्याही कितीतरी आधीचा.

त्या अध्यायात पस्तीसेक जातींचे मासे आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मध्यम, लहान. कोणत्या माशाला काय आवडतं ते आहे. तीळ, हरभऱ्याचं पीठ, भात, मांस यांचे गोळे आहेत. दोरी, काठी आणि गळ यांबद्दल सूचना आहेत. पण मला सगळ्यांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच. मासा धरण्याआधी त्याला चारायचं असतं. ठरलेल्या जागी खायला घालत राहायचं, त्याला त्या जागेची सवय लावायची, आणि मग गळ.

आता विचार करा, हे चारणं कोण करत असेल? राजा खासच नाही. दिवसचे दिवस कुणीतरी सेवक गोळे वळून पाण्यात सोडत असणार, कोणत्या डोहात कोणता मासा रुळला याची खबर ठेवत असणार. मग एके दिवशी महाराज येऊन काठी हातात घेणार आणि मासा लागणार. दरबारात त्याला महाराजांचं कौशल्य म्हणत असतील किंवा महाराजांचं भाग्य. चारणाऱ्याचं नाव ग्रंथात नाही.

नीरेकाठी मला जे काही शिकवलं ते एका म्हाताऱ्या भोईबाबांनी, आणि त्यांची रीत सोमेश्वराला ओळखीची वाटली असती. शेंगदाण्याची पेंड भिजवून, तिच्यात थोडी कणीक मळून ते गोळे करायचे आणि खडकाच्या आडोशाला, जिथे धार मंद होते, तिथे रोज संध्याकाळी सोडायचे. पेठेतून आणलेली भारी काठी आणि रीळ घेऊन मी त्यांच्या शेजारी बसायचो. त्यांच्याकडे बांबूची काठी, तंगूस आणि पाण्यावर तरंगायला साधं बूच. त्यांचं बूच बुडायचं, माझं डुलत राहायचं. एकदा म्हटलं, “बाबा, नशीब तुमचं.” ते हसले. “नशीब कशाला लागतंय सायेब? मी परवाधरनं चारतोय हितं. तुमी आज आला.”

काय पाहायचं तेही त्यांनीच दाखवलं. तळाशी चरणारा मृगळ बारीक बुडबुड्यांची रेघ सोडतो. मरळ श्वास घ्यायला वर येते, तेव्हा शेवाळात गोल भोक पडतं आणि ती पुन्हा त्याच्याच आसपास वर येते. वाम दगडाखालून बाहेर पडते ती अंधार पडल्यावर, तिला गांडूळ लागतं. शिंगाळ्याला वास हवा, मग कोंबडीचं आतडंसुद्धा चालतं. मृगाचा पाऊस पडून नदी गढूळ झाली की चढणीचे मासे धारेला लागतात, तेव्हा पोरंटोरंही टोपलीने मासे भरतात. आणि मार्गशीर्षात पाणी गार, नितळ झालं की जाणत्यालाही तंगूस बारीक घ्यावा लागतो, सावली पाण्यावर पडू न देता बसावं लागतं. यातलं काहीही गुपित नाही. फक्त ते एका माणसाच्या आयुष्यात जमा होत नाही. बापाकडून, आज्याकडून घ्यावं लागतं. भोई, ढीवर, कहार, कोळी या जातींनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, आणि सांभाळलं ते हौसेसाठी नव्हे. रात्रभर लावून ठेवलेले गळ सकाळी रिकामे निघाले तर घरी काय शिजणार, हा प्रश्न असलेल्या माणसाला ‘नशीब नव्हतं’ म्हणून उठून जाता येत नाही.

या ज्ञानाचा पहिला मोठा लेखी पुरावा एका इंग्रजाच्या कागदांत सापडतो. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्याला नेमलं. दख्खनभर फिरून त्याने माणसं, पिकं, पक्षी, जनावरं यांची मोजदाद केली, आणि मुळा-मुठा, भीमा इथले मासेही गोळा केले. १८३९ आणि १८४१ साली त्यांची वर्णनं लंडनमध्ये छापून आली. त्याने माशांना दिलेली शास्त्रीय नावं पाहावीत : खुद्री, कोळस, फुलुंगी, बोगट, शिंगटी, गुंगवारी. दोन-चार नावं त्याने आपल्या मित्रमंडळींना वाहिली आहेत, पण बरीचशी इथलीच. पुण्यातल्या नदीकाठी जाळं आणि गळ घेऊन उतरणाऱ्यांखेरीज ती त्याला कोण सांगणार? दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ आहे, आणि पुढे कंसात साइक्सचं नाव आणि १८३९ हे साल. सांगणाऱ्याचा रकाना इथेही कोरा.

यानंतर साहेब लोकांचा जमाना. १८७३ साली मंगळूरहून हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ निघालं. त्याच्या पुढच्या आवृत्त्याही निघाल्या, आणि हिंदुस्थानात बदली झालेल्या कित्येक अधिकाऱ्यांच्या सामानात ते पुस्तक असे. टॉमसने महसीरला स्कॉटलंडच्या सामन माशाच्या पंक्तीला नेऊन बसवलं, किंबहुना ताकदीत त्याच्याही वर. एवढी ताकद कुठून येते त्याचं कारण माशाच्या शरीरात आहे. महसीरच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. खेकडे, शिंपले तो तिथे चिरडतो, आणि कच्चा गळ त्याच जागी चेपून सपाट होतो. धारेतल्या खडकाळ पाण्यात आयुष्य काढलेला हा मासा गळ लागताच पहिल्याच धावेत दोर कुठल्या कुठे ओढून नेतो. तेव्हा गळ कोणत्या पोलादाचा, दोर किती सोडायचा, कुठे रोखायचा, हे खरंच कौशल्याचं काम आहे. टॉमसने ते तपशिलाने लिहिलं आणि पुष्कळांचं नशीब सुधारलं.

त्याच काळात नद्यांतले मासे कमी होत चालल्याची ओरड सरकारदरबारी सुरू झाली होती. फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल १८७३ सालचाच. बारीक आसाची जाळी, ओढ्यांना घातलेले बांध, विषारी फळं कुटून डोहात टाकणं, आणि पुढे सुरुंगाची दारू. अखेर १८९७ साली कायदा झाला, आणि पाण्यात दारू उडवणं वा विष कालवणं हा गुन्हा ठरला. कायदा चांगला होता. त्याच्यामुळे जे मासे वाचले असतील, ते काही वर्षांनी कुणाच्या तरी गळाला लागले असणार, आणि त्या माणसाने ‘आज नशीब जोरावर’ असं घरी कळवलं असणार.

विक्रमांची यादी याच काळात रुजली. महसीरचा आजवरचा मान्य विक्रम १९४६ सालचा आहे. शिकारीच्या जनावरांत पेंढा भरणाऱ्या म्हैसूरच्या प्रसिद्ध घराण्यातले जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा मासा धरला, म्हणजे ५४ किलोंच्या वर. अशा यादीत चार गोष्टी असतात : नाव, वजन, नदी, तारीख. त्याआधी त्याच नदीवर किती सकाळी वाया गेल्या, त्या दिवशी होडी कुणाच्या हातात होती, डोह कुणी दाखवला, यातलं काही नसतं. १९४८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅकडोनल्डचं महसीरवरचं पुस्तक छापलं, त्यात युक्त्या मुबलक आहेत. युक्ती फसलेल्या दिवसांची बेरीज मात्र मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकाने मांडलेली नाही. आणि ती बेरीज नसेल तर एखादी युक्ती चालली की योगायोगाने मासा लागला, हे ठरवायचं कसं? लाल पिसाचं आमिष लावलं आणि मासा लागला. आता ते लाल पीस जन्मभर टोपीत. ते लावून किती वेळा काही लागलं नाही, हे कुणीच मोजत नाही.

मधे एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कौशल्याचीही हवा काढून घेते. इंद्रायणीवर देहूच्या डोहातले मासे धरायचे नाहीत ही पूर्वापार चाल. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथेही गावाने देवाच्या नावाने मासे राखले आहेत. अशा डोहांत लाह्या-कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे काठाशी झुंबड करतात. तोच खुद्री महसीर, जो शेजारच्या खोऱ्यात माणसाची सावली दिसताच पसार होतो. म्हणजे गळवाल्याचं कौशल्य ज्याला म्हणतात, त्यातला मोठा भाग माशाच्या भीतीवर मात करण्याचा आहे, आणि ती भीती आधीच्या गळवाल्यांनीच त्याला शिकवलेली आहे. राखलेल्या डोहातून पावसाळ्यात पिल्लं खाली वाहून जातात. खालच्या गावात कुणाला एखादा भारी मासा मिळाला तर त्याचं श्रेय वरच्या गावाने पाळलेल्या नेमाकडे जातं. पण ते तिथपर्यंत पोचवणार कोण?

स्वातंत्र्यानंतर पाणीच बदललं, आणि पाण्याबरोबर नशिबाची कारणंही बदलली. मुंबईचा पवई तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ मध्ये बांधला. ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि तलाव गळवाल्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन तिथलीच. संगीतकार नौशाद हे गळाचे पट्टीचे शौकीन, या संघटनेचे ते अध्यक्ष होते. चालींसाठी लागणारा धीर त्यांनी पवईच्या काठावर कमावला की पवईसाठी लागणारा धीर पेटीवर, यावर मुंबईकरांनी वाद घालावा. माझा मुद्दा तलावातल्या कटल्याचा आहे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे आपले नव्हेत, ते गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. त्यांचं बीज पूर्वी उत्तरेकडच्या नद्यांतून धरून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला डॉ. हीरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. त्यानंतर बीज हवं तेव्हा तयार होऊ लागलं. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या धरणावर कुणाला आठ किलोंचा कटला लागतो, तेव्हा त्यामागे ते इंजेक्शन असतं, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडणारी मच्छीमार संस्था असते, आणि पहिली दोन-तीन वर्षं जाळ्यातून निसटत गेलेला तो मासा असतो.

माझ्याही नशिबाची गोष्ट याच वर्गातली. नोकरीत असताना सोबतचे लोक म्हणायचे, “राव, तुम्ही बसलात की मासा लागतोच.” लागायचा, कारण धरणाची दारं कधी उघडणार आणि विसर्ग कधी कमी होणार हे मला ठाऊक असायचं. वरून पाणी सोडलं की धारेतले मासे कडेच्या मंद पाण्यात सरकतात. पाणी उतरू लागलं की खाचखळग्यांत अडकून पडलेले किडे-झिंगे टिपायला तोंडाशी जमतात. त्या दोन-तीन तासांत कुणीही बसलं असतं तरी काठी वाकली असती. गेजच्या आकड्यांनी मला जे दिलं ते भोईबाबांना पाण्याचा रंग आणि काठावरची ओल पाहून कळायचं. त्यांचं कौशल्य अस्सल. माझं खात्याच्या नोंदवहीतून आलेलं. बघणाऱ्याच्या लेखी दोघांचं नशीबच.

आता लोणावळ्याकडे वळू, कारण या सगळ्या कथेची गाठ तिथे बसते. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी घाटमाथ्यावर तलाव बांधले गेले. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणासाठी गावं बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. या तलावांत खुद्री महसीर होता, पण वर चढून अंडी घालायच्या त्याच्या जागा आक्रसल्या होत्या. १९७० च्या सुमारास राज्याच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि टाटा कंपनीतले एस. एन. ओगले यांनी लोणावळ्याला या माशाची पैदास बसवली. पावसाळ्यात पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचं रेत त्यांत मिसळायचं, आणि ट्रेमधून स्वच्छ पाणी वाहतं ठेवत पिल्लं फुटेपर्यंत सांभाळायचं. दिसायला सोपं, करायला चिकाटीचं. काम इतकं यशस्वी झालं की पुढच्या दशकांत इथली बोटुकली दुसऱ्या राज्यांतल्या नद्यांतही सोडली गेली. कर्नाटकातली कावेरी त्यांतलीच एक.

कावेरीवर तेव्हा गळवाल्यांचा नवा मेळा भरू लागला होता. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण महसीरच्या शोधात तिथे पोचले, मोठमोठे मासे त्यांना लागले, आणि जगभरातून लोक यायला लागले. भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोर अशा तळांवर मासा धरून, वजन करून परत सोडायचा नियम होता. आमिष नाचणीचं, पीठ शिजवून घट्ट केलेला गोळा. वाटाड्यांपैकी काही जण पूर्वी चोरून मासे मारणारे, काही तर सुरुंग लावणारे. मासा कुठे असतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पाहुण्याने लंडनहून यावं, वाटाड्याने दाखवलेल्या खडकावर बसावं, त्यानेच वळलेला गोळा त्यानेच सांगितलेल्या जागी फेकावा, आणि चाळीस किलोंच्या माशासोबत छायाचित्र काढून घरी जावं. कौशल्य कुणाचं आणि भाग्य कुणाचं, हा सोमेश्वराच्या दरबारातलाच प्रश्न.

पण गालिबोरला एक गोष्ट वेगळी घडली. तिथल्या नोंदवह्यांत माशांबरोबर तासही लिहिले जात होते. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३,६२० तासांत ६,१६१ महसीर. भागाकार केला तर जवळजवळ चार तासांना एक मासा, तोही अनुभवी वाटाड्या शेजारी असताना. वजनं ०.४५ किलोंपासून ४६.८ किलोंपर्यंत.

या आकड्यांत माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. नदी तीच, गोळा तोच, वाटाडे तेच, तरी एकाला अर्धा किलो आणि दुसऱ्याला शंभरपट. गोळा तोंडात कोण घेणार हे गळवाल्याच्या हातात नाही. म्हणजे नशीब खरोखर असतं, आणि ते सगळ्यांत जास्त कुठे असतं, तर ज्या गोष्टीची आपण सर्वांत फुशारकी मारतो तिथे : सर्वांत मोठ्या माशात. कौशल्य दिसतं ते हंगामभराच्या सरासरीत. चारऐवजी तीन तासांना एक मासा पडू लागला तर माणूस सुधारला असं म्हणावं. पण सरासरीचं छायाचित्र काढून भिंतीवर लावता येत नाही, त्यामुळे तिला कुणी विचारत नाही.

मात्र त्याच वह्यांनी याहून गंभीर गोष्ट सांगितली. वर्षं सरत गेली तसतसे तासाला मिळणारे मासे वाढत गेले. काठावरचा कुणीही म्हणाला असता की लोकांचा हात सुधारला, किंवा नदीचे चांगले दिवस आले. पण सरासरी वजन घटत होतं. वाढणारे मासे निळसर परांचे होते, म्हणजे आपले खुद्री, ज्यांचं बीज लोणावळ्याहून गेलेलं. आणि ज्याच्यासाठी जग कावेरीवर येत होतं, तो पाठीवर कुबड असलेला अवाढव्य महसीर वर्षागणिक कमी होत होता. त्याची पिल्लं वह्यांत दिसेनाशी झाली होती. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली, आणि लवकरच तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. जगातला बहुधा सर्वांत मोठा महसीर, नामकरण धडपणे होण्याआधीच संपायला निघालेला.

कुलकर्णी-ओगल्यांच्या कामाला यात दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या घाटावरचा मासा त्यांनी वाचवला, आणि बीज मागणाऱ्यांना दिलं. परक्या नदीत नेल्यावर तो काय करील हे त्या काळी कुणी विचारत नव्हतं. पण गळवाल्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्या पंधरा वर्षांत कावेरीवर ज्याला ज्याला ‘बरं नशीब’ लाभलं, त्यातलं पुष्कळसं लोणावळ्याच्या ट्रेमध्ये वाढलेलं होतं, आणि त्याची किंमत दुसरा मासा मोजत होता. गळवाला एकटा, स्वतःच्या आठवणीवर विसंबून असता तर हे त्याला जन्मात कळलं नसतं. त्याला फक्त हात सुधारल्यासारखं वाटलं असतं.

हल्ली धरणावर तरुण पोरं भेटतात. कार्बनची काठी, जपानी रीळ, रंगीबेरंगी लूर, हातात मोबाइल. विचारतात, “काका, यात हात कसा बसतो?” भोईबाबांकडून शिकलेलं सगळं सांगतो : चारा, पाण्याचा रंग, बुडबुडे, सावली. ते त्यांना आवडतं. मग सांगतो की एक वही घाला, आणि ते कुणालाच आवडत नाही. तारीख, किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, पाणी चढतं होतं की उतरतं, काय लागलं. पुढे आणखी एक रकाना : हा मासा इथे कसा आला? बीज कुणी सोडलं, जागा कुणी दाखवली, वरचा डोह कुणी राखला. हे विचारायला लागलात की संस्थेच्या भोयांशी बोलणं होतं, आणि त्या बोलण्यातून जे कळतं ते कुठल्याही लूरपेक्षा जास्त मासे देतं.

आणि काहीच लागलं नाही, तर त्या दिवशीची ओळ आधी लिहा. पोरं म्हणतात, “त्यात काय लिहायचं?” मी त्यांना कावेरीचा भागाकार सांगतो. एक भली मोठी जात हातातून निसटते आहे, हे ज्या वह्यांनी जगाला दाखवलं, त्यांत माशांबरोबर तास होते, आणि त्या तासांतले बहुतेक बिनमाशांचे होते. विक्रमांच्या याद्यांनी इतक्या वर्षांत यातलं काहीही सांगितलेलं नाही.